गप्प लेकराला पहिला नंबर

आमच्या महानंदाबाई लेकराचं वजन हातानं सांगायच्या. काटा समोर टांगलेला असायचा, पण आधी लेकराला दोन्ही बगलांत धरून उचलायचं, एकदा वर-खाली करायचं आणि म्हणायचं, साडेनऊ, जरा कमीच. मग काट्याच्या झोळीत घालायचं. काटा तेच दाखवायचा. एकदा नवीन आलेल्या सुपरवायझर मॅडमला संशय आला की बाई आदल्या दिवशीच वजनं घेऊन पाठ करून ठेवतात. त्यांनी स्वतःची पिशवी बाईंच्या हातात दिली आणि म्हणाल्या, सांगा बरं. बाईंनी पिशवी तोलली, दोन किलो सांगितलं आणि वर विचारलं, मॅडम, एक वाजून गेला, डबा अजून तसाच हाय व्हय? मॅडमनं आमच्याच सतरंजीवर बसून डबा खाल्ला आणि तपासणी तिथंच संपली.

नळदुर्गच्या अलीकडं हायवे सोडून आत वळलं की आमचं गाव. तिथल्या अंगणवाडीत मी अकरा वर्षं बाईंच्या हाताखाली मदतनीस होते. घरोघर जाऊन लेकरं गोळा करायची, खिचडी शिजवायची, नाकं पुसायची, चड्ड्या बदलायच्या आणि बाईंची बोलणी खायची, हे माझं काम. खिचडीत मीठ जास्त पडलं की बाई कानडीत सुरू व्हायच्या. घरात त्यांची कानडी, गावात मराठी. राग आला किंवा माया आली की आतली भाषा वर यायची. लेकराला जवळ बोलवायचं तर "बा कंदा", म्हणजे ये बाळा. एवढी कानडी आमच्या गावातल्या रांगणाऱ्या पोरालाही समजायची. कपाळाला विभूती, इस्त्रीची सुती साडी, पदराला टाचणी आणि तोंडात लवंग. खुर्चीवर बसलेलं मी त्यांना कधी बघितलं नाही. खुर्ची साहेब लोकांना, असं म्हणायच्या आणि जमिनीवर मांडी घालायच्या.

दोन गोष्टींत मात्र बाई हट्टी होत्या. त्या दोन्ही गोष्टींचं गावाला कौतुक होतं, मलाही होतं, हे आधीच सांगते. मागाहून शहाणपण सगळ्यांनाच येतं.

एक म्हणजे शांतता. आमच्या शेजारी शाळा. तिथं बाजार भरल्यासारखा कालवा, आणि आमच्याकडं सत्तावीस लेकरं हाताची घडी, तोंडावर बोट. "गप लेकरू, सोन्याचं लेकरू," हे बाईंचं बत्तीस वर्षांचं बोलणं. जे सगळ्यात गप्प बसेल त्याच्या हातावर गुळाचा खडा पहिल्यांदा. गावातल्या निम्म्या आया लहानपणी त्याच सतरंजीवर तोंडावर बोट ठेवून बसलेल्या. आपलं लेकरू बाईंच्या हाताखाली वळणाला लागलं म्हणून त्या अभिमानानं सांगायच्या.

दुसरी गोष्ट वजनाच्या दिवसाची. महिन्यातून एकदा सगळ्या आया ओट्यावर जमायच्या आणि बाई एकेका लेकराचं वजन सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायच्या. लक्ष्मीची पोरगी, आठ किलो, मागच्या महिन्यात पण आठच, लक्ष्मे, काय खाऊ घालतीस, वारा? बिचारी लक्ष्मी मान खाली घालायची. पण पुढच्या महिन्यात पोरीचं वजन वाढलेलं असायचं, हेही खरं. एकदा मी भीतभीत म्हटलं, बाई, बाजूला घेऊन सांगत जा की. तर मलाच रागावल्या. "लेकराचं काय झाकायचं असतंय? झाकलं की सडतंय," म्हणाल्या.

अशा अंगणवाडीत राजवीर आला. दत्ताचा आणि अश्विनीचा मुलगा. दत्ता हायवेवर पिकअप चालवायचा आणि अश्विनी दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची. घरी दत्ताची आई, वत्सलाकाकू, पण त्यांना गुडघ्यानं धड उठवत नव्हतं, पळतं लेकरू कुठून सांभाळणार? तीन वर्षांच्या आतलं लेकरू आमच्याकडं बसवायचं नसतं, पण नियम नियमाच्या जागी. दीड वर्षाच्या राजवीरला मी रोज कडेवर आणायची.

काय सांगू, असं लेकरू मी बघितलं नव्हतं. वयाच्या मानानं उंच, टपोऱ्या डोळ्यांचं. आईपासून उचललं तर रडायचं नाही, ती न्यायला आली तर पळत जायचं नाही. कोपऱ्यात बसून खेळण्यातल्या गाडीचं एक चाक फिरवत राहायचं. खिचडी दिली की खायचं, नाही दिली की मागायचं नाही. दुसरं पोर अंगावर पडलं तरी नुसतं सरकून बसायचं. मी देवाला म्हणायची, अशी चार लेकरं दे बाबा, माझी कंबर तरी वाचेल. आणि बाई तर त्याच्यावर जीव टाकायच्या. गुळाचा पहिला खडा रोज राजवीरचा.

तो दोन वर्षांचा झाला तेव्हा आमच्याकडं सुदृढ बालकाची स्पर्धा झाली. बाकीची लेकरं काट्यावर बसवली की आभाळ फाटल्यासारखी रडत होती. राजवीर झोळीत बसला तो बसला. वजन चांगलं, उंची चांगली, वाढीच्या तक्त्यावरची रेघ हिरव्या पट्ट्यात. बाईंनी त्याला पहिला नंबर दिला, स्टीलचा डबा आणि नारळ. सगळ्या आयांना म्हणाल्या, अश्विनीकडून शिका जरा. फोटो निघाला. त्या फोटोत सगळे पुढं बघतायत आणि राजवीर डब्याच्या झाकणाकडं.

बायका पांगल्यावर अश्विनी मागं थांबली. पोरगी तशी भिडस्त, नळदुर्गच्या पुढं कधी गेली नव्हती. पदराचं टोक पिळत बाईंना म्हणाली, "बाई, ह्यो मला आई म्हणत न्हाय. म्या रानातून आले तर वर बगत बी न्हाय. बक्षीस मिळालं, पण मला लई भ्या वाटतंय वो."

बाईंनी तिला उडवून लावलं. पोरं उशिराच बोलतेत, आमच्या दिराचा मुलगा चार वर्षांचा होईस्तोवर मुका होता, आता वकिली करतोय, तुला फिकर कशाची? काटा बघ की, रेघ हिरव्यात हाय. अश्विनी डबा आणि नारळ घेऊन घरी गेली. त्या वेळी मी तिथंच पातेलं घासत होते. मलाही वाटलं, काय बाई नखरे, लोकांच्या लेकरांच्या अंगाला खाल्लेलं लागत नाही आणि हिला हे सुचतंय.

सहा-सात महिने असेच गेले. चैत्रात येरमाळ्याला येडेश्वरीची यात्रा असते. देवीची पालखी चुन्याच्या रानात जाते आणि माणसं तिथं चुनखडीचे खडे वेचतात. वत्सलाकाकूंचा नवस होता, म्हणून सगळं घर गेलं. त्या गर्दीत राजवीरचा हात सुटला. तासभर शोधाशोध. अश्विनी वेड्यासारखी ओरडत फिरली. शेवटी एका झाडाखाली, परक्या माणसांच्या पंगतीत तो सापडला. ती माणसं बिचारी चांगली होती. त्यांना वाटलं पलीकडच्या कुटुंबातलं पोर आहे, पलीकडच्यांना वाटलं यांचं. हरवलेलं लेकरू रडतं, म्हणून तर ते हरवलंय हे कळतं. हे रडतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वत्सलाकाकूंनी हे अंगणवाडीच्या ओट्यावर कौतुकानं सांगितलं. माझ्या नातवाला भ्या म्हणून ठाऊक न्हाय, म्हणाल्या. आम्ही सगळ्या हसलो. बाई गूळ फोडत होत्या, त्यांचा हात थांबला. त्यांनी अश्विनीला विचारलं, तुला बघून पळत आला असंल की? अश्विनीनं मान हलवली. माझ्याकडं बघितलं आणि परत पुरी खायला लागला, म्हणाली.

त्या दिवशी बाईंनी कुणालाच गूळ दिला नाही. लेकरं घरी गेल्यावर राजवीरला मधोमध बसवलं, स्वतः दाराआड गेल्या आणि हाक मारली. चार वेळा, पाच वेळा. त्यानं मान वळवली नाही. मग मला पातेल्याचं झाकण खाली टाकायला सांगितलं. मी टाकलं, तसा तो लगेच वळला आणि झाकण फिरताना बघत राहिला. बाई दाराआडून बाहेर आल्या, त्यांचा चेहरा उतरला होता.

"सुरेखा, कान चांगले हायती," म्हणाल्या. "माणसाचाच आवाज त्याला लागत न्हाय."

पुढच्या आठवड्यात लेकरं तपासायची दवाखान्याची गाडी आली. त्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं राजवीरकडं चेंडू ढकलला, तो परत आला नाही. मग तिनं बाईंना तीन प्रश्न विचारले. हा कधी तुम्हाला काही आणून दाखवतो का? बोट करून काही मागतो का? दुसरं लेकरू रडलं तर त्याच्याकडं बघतो का? हातानं वजन सांगणाऱ्या आमच्या बाईंना एकाचंही उत्तर देता आलं नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी त्याला वर्षभर कडेवर वागवलं होतं. मला उत्तर माहीत होतं, तिन्हीचं एकच, नाही.

तिथून सोलापूर. अश्विनीबरोबर बाई स्वतःची रजा टाकून गेल्या, एकदा नाही, चारदा. रक्त घेतलं, ते पुढं पुण्याला गेलं, महिन्यानं कागद आला. सोलापूरच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं. माणसाच्या अंगात आईबापाकडून आलेल्या गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या असतात, शेवटची जोडी मुलगा की मुलगी ते ठरवते, आणि राजवीरच्या त्या जोडीत एक जास्तीचं आलंय. बायकांत दोन असतात तसलं. हा कुणाचा दोष नाही. पोरगा तो पोरगाच आहे. असली कितीतरी माणसं असतात, त्यांना जन्मभर कळतही नाही. काही लेकरांना मात्र बोलायला उशीर लागतो, आणि माणसात मिसळणं जड जातं. ते आपोआप येत नाही, शिकवावं लागतं, आणि जितकं लवकर तितकं बरं. मोठं होताना औषधं लागतील ती लागतील, पण आत्ता त्याचा इलाज म्हणजे माणसं. त्याच्याशी बोला, खेळा, त्याला लेकरांत ठेवा.

येताना एसटीत बाई अश्विनीला म्हणाल्या म्हणे, सत्तावीस लेकरं हायती माझ्याकडं, बघ कसं बोलतं करते ते.

आणि मग बाईंनी ते केलं. वाईट हेतूनं नाही हो. त्या बाईच्या अंगात वाईट हेतू शिरायला जागाच नव्हती. पण करायला गेले गणपती आणि झाला मारुती, तशातली गत. वजनाचा दिवस होता, सगळ्या आया ओट्यावर. बाईंनी बत्तीस वर्षं जसं केलं तसंच केलं, लेकराचं जे काय ते सगळ्यांसमोर मांडलं. परातीत ज्वारीचे दाणे घेतले, दोन-दोन करून तेवीस जोड्या लावल्या. आणि शेवटच्या जोडीपाशी एक दाणा जास्तीचा ठेवला. बाईकडं असतोय तसला एक दाणा ह्येच्याकडं जास्त आलाय, एवढंच, म्हणाल्या. म्हणून तुमी सगळ्याजणींनी आपल्या लेकरास्नी सांगा, राजवीरचा हात धरा, त्याच्याशी बोला, त्याला खेळात घ्या. अश्विनी खांबाला टेकून उभी होती. तिनं एकदा बाईंच्या पदराला हात लावला, पण बाई भरात होत्या.

मग मागून कुणीतरी विचारलं, म्हंजे पोरगं अर्धं बाई हाय म्हणा की. आणि कुणीतरी हसलं.

झालं. तो कागद डॉक्टरांचा राहिलाच नाही, गावाचा झाला. बाईंनी घरोघर जाऊन परत परत समजावलं, पण उचलली जीभ लावली टाळ्याला, लोकांना काय? ढाब्यावर ड्रायव्हर लोक दत्ताला विचारायला लागले, घरात सून आणणार का जावई? दत्तानं एकाच्या कानाखाली वाजवली, मग चौघांनी त्याला मारलं. अंगणवाडीत आया माझ्या कानाशी लागायच्या, आमच्या पोरीला त्याच्याजवळ बसवू नको. ज्या लेकराला कुणी हात लावला तरी कळत नव्हतं, त्याच्याजवळून लोक हात काढून घ्यायला लागले. कुणाला विचारलं की विटाळ कसला, तर सांगता यायचं नाही. तरी हात मागं.

आठ दिवसांत वत्सलाकाकू काठी टेकत ओट्यावर आल्या. आयुष्यात त्यांनी बाईंना उलट शब्द केला नव्हता. "बाई, तुमच्यावर भरोसा टाकला, आन तुमी आमची अब्रू परातीत मांडली," एवढं म्हणाल्या आणि राजवीरला घेऊन गेल्या. त्याच आठवड्यात सगळं घर गाव सोडून रानातल्या वस्तीवर राहायला गेलं. तीन किलोमीटर लांब, आजूबाजूला दुसरं घर नाही. लेकराला माणसं हवी होती, आणि ते गेलं जिथं माणूस दिसत नाही तिथं.

त्यानंतरच्या बाई मी बघितल्या, त्या देवानं कुणाला दाखवू नयेत. जेवण सुटलं, इस्त्री सुटली. पहिल्यांदा त्यांनी काय केलं असेल तर तोंडावरचं बोट बंद केलं. लेकरांना म्हणाल्या, बोला, वरडा, गाणी म्हणा. लेकरं बावरली. मग एकदा सुरू झाली ती थांबेनात. सत्तावीस लेकरांचा तो गोंगाट, त्यात बाई स्वतः बेसूर गातायत, टाळ्या पिटतायत, शेळीसारखं ओरडतायत. सुपरवायझर मॅडम आल्या त्या दारातच थबकल्या. शाळेचे मास्तर तक्रार करून गेले. माझं डोकं उठायचं. एक दिवस मी वैतागून म्हटलं, बाई, बत्तीस वर्षांचं नाव घालवताय. त्यावर त्या माझ्याकडं बघून म्हणाल्या, "बत्तीस वर्षं म्या लेकरांची तोंडं शिवली. त्यात किती राजवीर होते, कुणास ठाऊक. त्यास्नी म्या गूळ देऊन गप बसवलं."

मी चूल पेटवली.

दुपारी अंगणवाडी सुटली की बाई वस्तीवर निघायच्या. उन्हाचं, डोक्यावर पदर, हातात पाण्याची बाटली. सुरुवातीला वत्सलाकाकू दारातच घेत नव्हत्या. बाई बाहेर बाभळीखाली बसायच्या. अश्विनी सासूचा डोळा चुकवून लेकराला तिथं आणून सोडायची. बाई त्याच्यासमोर तोंड नेऊन बसायच्या. तो चाक फिरवायचा, बाई दुसरी गाडी घेऊन चाक फिरवायच्या. तो थांबला की थांबायच्या. आणि मग हाक, "बा कंदा". उत्तर नाही. परत हाक. एवढं करून संध्याकाळी घरी. कुणी वाटेत विचारलं, बाई, कुठं चाललाव रोज? तर म्हणायच्या, माझी चूक निस्तरायला. लोकांना वाटायचं, बाईंचं फिरलं. पुढं पुढं काकूंनी दारातून पाण्याचा तांब्या बाहेर ठेवायला सुरुवात केली, बोलल्या मात्र नाहीत.

दोन-अडीच महिन्यांनी एक दिवस सकाळी बाई अंगणवाडीत आल्या त्या पळतच आल्या. अठ्ठावन्न-साठ वर्षांची बाई, आणि मला मिठीच मारली. मी हातातलं डाळीचं भांडं सांभाळतेय. काल वस्तीवर शेणकिडा चालला होता, म्हणे, शेणाची गोळी ढकलत. राजवीर त्याच्याकडं बघत होता. "आन सुरेखा, त्यानं बोट केलं. किड्याकडं बोट, मग माझ्या तोंडाकडं बघितला, मग परत किड्याकडं. मला दाखिवलं गं त्यानं. बघ म्हणाला मला." तो काही म्हणाला नव्हता. पण बाई रडत होत्या, आणि मीही रडले, कशासाठी ते मला धड कळलं नव्हतं तरी. एक किडा दाखवला म्हणून दोन बायका चुलीपुढं रडतायत आणि लेकरं बघतायत.

बाईंनी सोलापूरला फोन लावला. डॉक्टर खूश झाले. म्हणाले, वाट उघडली, आता थांबू नका, पण आता त्याच्या बरोबरीची लेकरं पाहिजेत. मोठं माणूस त्याच्या मनासारखं वागतं. लेकरू तसं वागत नाही, खेळणं ओढतं, भांडतं, तेच त्याला शिकायचंय. दोन-चार लेकरं, रोज तासभर, आत्ता. पुढं मोठा झाला की हेच दसपट अवघड जाईल.

दोन-चार लेकरं. अख्ख्या गावातून बाईंना दोन-चार लेकरं तासाभरासाठी पाहिजे होती. बाई घरोघर गेल्या. मी घेऊन जाते, मी आणून सोडते, म्हणाल्या. कुणी म्हणालं ऊन लागेल, कुणी म्हणालं ह्यांना विचारते. एकीनं सरळ सांगितलं, बाई, उद्या माझ्या पोरीचं लग्न जमवताना कुणी म्हणालं, ही त्या तसल्याबरोबर खेळायची, तर? पाचवं घर माझं होतं. माझी नात गौरी चार वर्षांची, आमच्याच अंगणवाडीत. बडबडी, एका जागी ठरेल तर शपथ. बाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत. म्हणाल्या, तासभर दे.

मी म्हटलं, सूनबाई ऐकायची न्हाय. खोटं बोलले. सुनेला मी विचारलंच नव्हतं. ती बिचारी मोकळ्या मनाची, हो म्हणाली असती. माझ्याच मनात आलं होतं की आपण गरीब माणसं, गावाच्या विरोधात कशाला जा. बाईंनी माझ्याकडं बघितलं, आणि ज्या बाईनं पिशवीतला डबा ओळखला तिला माझं खोटं कळलं नसेल असं नाही. बरं, म्हणाल्या आणि गेल्या.

पुढच्या महिन्यात वय झालं म्हणून बाईंची नोकरी संपली. निरोपाला ओट्यावर सगळ्या आया, सरपंच, मास्तर, सुपरवायझर मॅडम. शाल, नारळ, साडी. चांगली चांगली भाषणं झाली, बाईंनी गावाला शिस्त लावली वगैरे. मग बाईंना बोलायला सांगितलं. त्या उभ्या राहिल्या आणि शाल काढून बाजूला ठेवली. म्हणाल्या, हे मला नको, दुसरं मागते, नाही म्हणू नका. त्यांनी हात जोडले. "माझी चूक झाली. एका लेकराचं चारचौघांत सांगितलं ती म्याच. शिक्षा त्याला देऊ नका. तुमच्यातल्या दोघीजणी उठा, आन उद्यापासनं तुमचं लेकरू तासभर माझ्याबरोबर पाठवते म्हणा. दोघीच."

कुणी उठलं नाही. चाळीस-पन्नास बायका होत्या, निम्म्यांना बाईंनी स्वतःच्या हातानं गूळ भरवलेला. सगळ्या खाली बघत बसल्या. बाई हात जोडून उभ्याच. गौरी माझ्या मांडीवर होती, तिला मी घट्ट धरलं होतं. मीही उठले नाही. शेवटी मास्तरांनी टाळ्या वाजवल्या आणि कार्यक्रम संपला असं म्हणाले. बाईंनी चपला घातल्या आणि वस्तीच्या वाटेला लागल्या.

बाईंना मी शेवटचं बघितलं ते त्यानंतर पंधरा दिवसांनी. आता त्या कर्नाटकात, आळंदला लेकीकडं असतात म्हणतात, इकडं आल्या नाहीत. ते पंधरा दिवस मला अन्न गोड लागलं नाही. नवीन सेविका अजून आली नव्हती, मी एकटीच अंगणवाडी रेटत होते. गौरी रोज विचारायची, बाई कुठं गेली? एका गुरुवारी मी सुनेला सगळं खरं सांगितलं. ती म्हणाली, अहो आत्या, मग आधीच सांगायचं की, घेऊन जावा. इतकं सोपं होतं ते. दुपारी गौरीला टोपी घातली, तिचा चेंडू घेतला आणि वस्तीची वाट धरली. वाटभर मी मनात बोलणी जुळवत होते, बाई, चुकले, आणली बघा.

वस्तीच्या दाराला कुलूप होतं. अंगणात कपड्याची दोरी नव्हती, शेळी नव्हती, चुलीतली राख पण थंड होती. बाई दारासमोर दगडावर बसल्या होत्या. जवळ पाण्याची बाटली.

"सोमवारी गेले," म्हणाल्या. "दत्त्यानं गाडीत सामान घातलं. पुण्याकडं कुठं काम बघितलंय म्हणं. पत्ता काकूनं सांगिटला न्हाय."

मी विचारलं, मग आज गुरुवार, तुमी हितं काय करलालाव? बाई गौरीकडं बघत राहिल्या. आणलीस व्हय, एवढंच म्हणाल्या. कानडीत चार शिव्या दिल्या असत्या तर मला हलकं वाटलं असतं. गौरीनं चेंडू त्यांच्याकडं ढकलला. त्यांनी तो उचलला, पुसला आणि तिच्या हातात परत दिला.

मी म्हटलं, बाई, पुण्यात चांगले दवाखाने असतात, तिथं शिकवतील त्याला. काहीतरी बोलायचं म्हणून बोलले.

"व्हय," बाई म्हणाल्या. "आन पोरं बी असतील. खेळतील त्याच्याशी. तिथं त्यास्नी सांगायला महानंदा न्हाय."

ऊन चढलं होतं. मी म्हटलं, चला बाई, घरी चला. त्या म्हणाल्या, तू हो पुढं, लेकराला ऊन लागंल. मी गौरीचा हात धरून निघाले. बांधावरून एकदा मागं वळून बघितलं, तर बाई अजून तिथंच बसल्या होत्या, कुलपाकडं तोंड करून.